वडिलार्जित डोंगर

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. जवळ गेल्यावर डोंगरांतले खांचखळगे दिसूं लागतात, असा तिचा रूढ अर्थ. आमच्यासारख्या शहरांत राहणाऱ्या पांढरपेशा माणसाच्या बाबतींत मात्र ती आणखी एका अर्थानें खरी आहे. आम्ही डोंगराकडे पाहतों तें नेहमीं दुरूनच. उन्हाळ्याच्या सुटींत चार दिवस महाबळेश्वरास किंवा आंबोलीस जावें, धुकें पाहावें आणि परत यावें, इतकाच आपला डोंगराशीं संबंध, अशी आमची समजूत असते. वस्तुतः आमच्या घरांतला तवा, खिडकीचे गज, छपराच्या स्लॅबांतल्या सळ्या, आगगाडीचे रूळ आणि ॲल्युमिनियमचीं पातेलीं हीं सारीं कोठल्या तरी डोंगराच्या पोटांतून आलेलीं आहेत. डोंगर आमच्या घरांतच आहे. आम्हांस त्याची ओळख नाहीं, एवढेंच.

म्हणून खाणींसाठीं डोंगर फोडले जातात, त्यांचे झरे आटतात आणि त्यांच्या कुशींत राहणाऱ्यांचे संसार विसकटतात, हा दूरच्या लोकांचा प्रश्न आहे असें म्हणून आम्हांस हात झटकतां येत नाहींत. उलट पक्षीं, नुसतें हळहळूनही भागत नाहीं. लोखंडाच्या गजाआड सुरक्षित बसून लोखंडाच्या खाणीचा धिक्कार करणें सोपें आहे. त्यांत दांभिकपणाचा दोष मात्र लागतो. खरा प्रश्न असा आहे: डोंगर फोडण्याचा अधिकार मनुष्यास आहे काय? असल्यास तो कोणास, किती, आणि कोणास विचारून? या प्रश्नाचा यथामति विचार करावा, असा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आमचे पूर्वज केवळ भूमीचे पूजक होते आणि खाणी ही पाश्चात्त्यांची देणगी, असें कांहीं लोक अभिमानानें सांगतात. तें खरें नाहीं. कौटिल्यानें खाणींवर देखरेख करणाऱ्या आकराध्यक्षाचीं कर्तव्यें सविस्तर सांगितलीं आहेत, आणि राज्याचा कोश खाणींतून उभा राहतो असें त्याचें स्पष्ट मत आहे. दुसऱ्या बाजूस अथर्ववेदाच्या पृथ्वीसूक्तांत भूमि खणणाऱ्याची प्रार्थना आहे. खणलेली जागा लवकर भरून यावी, आणि आपल्या हातून भूमीच्या मर्मस्थानीं घाव पडूं नये, असा तिचा आशय आहे. हीं दोन मतें परस्परविरोधी आहेत असें आम्हांस वाटत नाहीं. खणण्यास दोघांचीही ना नाहीं. पण एक मिळकतीचा विचार करतो आणि दुसरा मर्यादेचा. तेव्हां डोंगर मुळींच खणूं नये, हा आमचा पक्ष नव्हे. डोंगराचें मर्म कोठें आहे, आणि तेथें घाव पडतो तेव्हां काय होतें, हें मात्र आधीं समजून घेतलें पाहिजे.

तें समजून घेण्यास गोमंतकाइतकें जवळचें उदाहरण मराठी वाचकास दुसरें नाहीं. डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या तालुक्यांतून सह्याद्रीच्या पायथ्याचे लोहखनिजाचे डोंगर पसरलेले आहेत. गोव्यांत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बहुतेक सारा चार महिन्यांत. असें असतां वैशाखांतही डोंगराच्या पायथ्याशीं झरे वाहत असत, तें कशामुळें? वरचा जांभा सच्छिद्र असतो. त्याच्या खालचें भुसभुशीत खनिजही पाणी धरून ठेवतें. आषाढांत डोंगर जें पाणी पितो, तें तो पुढें आठ महिने थेंबाथेंबानें परत देतो. म्हणजे जें खनिज आपण विकावयास काढतों, तेंच पाण्याचें भांडें असतें. कोठारांतून धान्य काढल्यानें कोठार मोडत नाहीं. येथें तसा प्रकार नाहीं. येथें भरलेला रांजण फोडून त्याच्या खापऱ्या विकावयाच्या असतात. डोंगराचें मर्म हेंच.

गोव्यांतल्या कित्येक खाणी खणत खणत समुद्रसपाटीच्याही खालीं गेल्या. खड्डा कोरडा ठेवण्यासाठीं त्यांतलें पाणी सतत उपसावें लागे. आणि खड्ड्यांतली पातळी जसजशी खालीं जाई तसतशा भोंवतालच्या विहिरी कोरड्या पडत. शिवाय एक टन खनिज मिळवावयाचें तर सुमारें अडीच ते तीन टन माती उकरून बाजूस टाकावी लागते. या मातीचे ढीग म्हणजे दुसरे डोंगरच. पण त्यांना मूळ धरणारें झाड नाहीं. पहिल्या पावसांत ती तांबडी माती ओहोळांतून वाहत भातशेतांत येऊन बसते, सुकून घट्ट होते, आणि उरलेली मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या पात्रांत जाते. ज्या नद्यांतून खनिजाचे बार्ज मुरगांव बंदराकडे जात, त्याच नद्या गोव्याचें पाणी आणि मासळी यांचा आधार आहेत, हें येथें लक्षांत ठेवावें.

कांहीं वर्षांपूर्वीं डिचोलीच्या बाजूस एका परिचितांच्या घरीं दोन दिवस राहण्याचा आम्हांस योग आला. घरामागें पोफळींचें कुळागर होतें. ज्यांनीं कुळागर पाहिलेलें नाहीं त्यांच्यासाठीं सांगावयास हवें कीं, तें डोंगराच्या पायथ्याशीं झऱ्याच्या पाण्यावर उभें असतें. पोफळ, माड, केळ, मिरवेल अशीं एकाच्या सावलींत दुसरें वाढतें, आणि झऱ्याचें पाणी पाटानें प्रत्येक आळ्यापर्यंत जातें. आम्ही पाहिलेल्या कुळागरांतला पाट कोरडा होता आणि निम्म्या पोफळींचे शेंडे झडलेले होते. यजमान पंचाहत्तरीच्या घरांतले. झऱ्याबद्दल कांहीं भरपाई मिळाली काय, असें आम्हीं सहज विचारलें. ते म्हणाले, "मिळाली ना, मास्तर. खाण चालू होती तोंवर तिचा टँकर येत असे. पण टँकरला रविवार असतो, कधीं संप असतो. झऱ्याला माझ्या आज्याच्या वेळेपासून सुटी ठाऊक नव्हती. पुढें खाण बंद झाली, तसा टँकरही बंद झाला. झरा कांहीं परत आला नाहीं."

त्यांचे थोरले चिरंजीव जवळच बसले होते. त्यांनीं बँकेचें कर्ज काढून खनिज वाहण्यासाठीं दोन ट्रक घेतले होते. खाणी थांबल्यापासून ते दोन्ही अंगणांत उभे होते. एकाच्या चाकावर वेल चढली होती. ते वडिलांस म्हणाले, "बाबा, तुमच्या सुपारीनें माझ्या मुलांची फी भरली असती, तर मी ट्रक कशाला घेतला असता?" यावर म्हातारे कांहीं बोलले नाहींत. पाणी गेलें म्हणून सुपारी गेली, सुपारी गेली म्हणून ट्रक आला, आणि ट्रक भरण्यासाठीं पुन्हां तोच डोंगर हवा होता, हें दोघांनाही ठाऊक होतें. त्या ओसरीवर बापलेकांमध्यें जो अबोला बसला होता, त्यापुढें आम्हीं आजवर वर्गांत नीतिशास्त्रावर दिलेलीं व्याख्यानें आम्हांस पोकळ वाटूं लागलीं. हा लेख त्या अबोल्यांतूनच निघाला आहे.

या डोंगरांवरचा अधिकार कोणाचा, याचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. पोर्तुगीज सरकारनें १९०६ च्या कायद्यानें खाणींचे परवाने देण्याचा पाया घातला. त्या परवान्यांस मुदतीची मर्यादा नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर खनिज परदेशीं जाऊं लागलें. आधीं उद्ध्वस्त जपानच्या पुनर्रचनेस तें उपयोगीं पडलें, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभीं चीनच्या भट्ट्यांची भूक भागवूं लागलें. १९६१ सालीं गोवा मुक्त झाला. पण डोंगर मुक्त झाले नाहींत. परकीय राजानें दिलेले ते परवाने पंचवीस वर्षें तसेच चालले, आणि १९८७ च्या कायद्यानें त्यांचें रूपांतर मुदतीच्या पट्ट्यांत झालें. २०१०-११ या एका वर्षांत गोव्यांतून पांच कोटि टनांहून अधिक खनिज बाहेर गेलें. त्या वेळीं गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. म्हणजे तान्ह्या मुलासकट दर माणशीं तीस टनांहून अधिक डोंगर एका वर्षांत परदेशीं रवाना झाला.

२०१२ च्या सप्टेंबरांत न्यायमूर्ति शहा आयोगाचा अहवाल संसदेपुढें आला आणि राज्य सरकारनें खाणी थांबविल्या. ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानेंही मनाई केली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालांत न्यायालयानें असें ठरविलें कीं, पट्ट्यांची मुदत २००७ च्या नोव्हेंबरांतच संपली होती, आणि त्यानंतरचें सारें उत्खनन बेकायदेशीर होतें. पुढें सरकारनें ८८ पट्ट्यांचें पुन्हां नूतनीकरण केलें; तेंही न्यायालयानें ७ फेब्रुवारी २०१८ रोजीं रद्द केलें. २०२२ च्या डिसेंबरांत नव्यानें लिलाव सुरू झाले. या सगळ्या इतिहासांत परवाना देणारे बदलले, कायदे बदलले, गिऱ्हाइकें बदललीं. पण ज्याच्या कुळागरांतला पाट कोरडा पडावयाचा होता, त्याचा शब्द निर्णायक ठरेल अशी वेळ त्या सबंध शतकांत आली नाहीं.

यावर एक उत्तर नेहमीं दिलें जातें, आणि तें क्षुद्र नाहीं. देशास लोखंड हवें, परकीय चलन हवें, हजारों लोकांस काम हवें. चार गांवांच्या चार झऱ्यांसाठीं या सर्वांवर पाणी सोडावयाचें काय? बेंथॅमनें नीतीची कसोटी म्हणून जें 'पुष्कळांचें पुष्कळ सुख' सांगितलें, त्याचाच हा व्यवहारांतला अवतार आहे. या तत्त्वाचा आम्ही उपहास करीत नाहीं. सार्वजनिक रुग्णालयें, शाळा, नळाचें पाणी यांच्यामागें हीच दृष्टि असते. परंतु खाणीच्या बाबतींत हा हिशेब दोन ठिकाणीं चुकतो.

पहिली चूक जमाखर्चाची. जमेच्या बाजूस टनाचा भाव लिहिला जातो, कारण त्याला गिऱ्हाईक आहे. खर्चाच्या बाजूस झऱ्याचा आंकडा लिहिलाच जात नाहीं, कारण तो फुकट वाहत होता. जें फुकट मिळतें त्याची किंमत शून्य, असें मानणारा हिशेबनीस आईच्या श्रमांचीही किंमत शून्यच धरील. झरा आटल्यावर टँकरचें बिल येतें, तेव्हां कोठें त्या शून्याचा खरा अर्थ कळतो. आणि त्या वेळीं नफा घेणारा दुसऱ्या गांवीं गेलेला असतो.

दुसरी चूक अधिक खोल आहे. समजा, जमाखर्च अगदीं चोख लिहिला आणि तरीही शिल्लक जमेच्या बाजूस राहिली. म्हणून कृत्य न्याय्य ठरतें काय? बेरीज करतांना आपण माणसामाणसांतली भिंत पुसून टाकतों. मुंबईंतल्या दहा घरांचा थोडा थोडा लाभ आणि डिचोलींतल्या एका घराचा सर्वनाश यांची वजाबाकी कागदावर होते. पण ज्याचा सर्वनाश झाला त्याच्या पदरांत तो लाभ पडत नाहीं. मनुष्यास दुसऱ्याच्या हेतूचें केवळ साधन मानूं नये, असें कांटनें बजावलें तें याचसाठीं. आणि आमच्या व्यवहारी भाषेंत हेंच सांगावयाचें तर, दुसऱ्याचें घर जाळून आपण शेकावें आणि मग ऊब पुष्कळांस मिळाली असें म्हणावें, हा न्याय नव्हे.

मग भरपाई दिली तर? भरपाईनें पुष्कळ अन्याय सौम्य होतात. पण भरपाई त्याच वस्तूची होते, जिच्या मोबदल्यांत दुसरी तशीच वस्तु घेतां येते. शेताबद्दल शेत देतां येईल. गोव्यांत आणि दक्षिण कोंकणांत सातेरीची पूजा वारुळाच्या रूपांत होते; वारूळ म्हणजे जमिनीनेंच वर काढलेलें डोकें. ज्या गांवानें पिढ्यानुपिढ्या तेथें नवस बोलले, पेरणीपूर्वीं नारळ ठेवला, देवराईंतलें वाळकें लांकूडही घरीं नेलें नाहीं, त्या गांवास धनादेश देऊन 'आतां तुमचें आमचें फिटलें' असें म्हणणें म्हणजे मृत बापाबद्दल पैसे देऊन वारसास निरोप देण्यासारखें आहे. पैसे द्यावे, अवश्य द्यावे; पण देणें फिटलें असें मानूं नये.

येथवर आमच्याशीं सहमत होणाऱ्या वाचकासही आतां एक अडचण दिसेल. 'स्थानिक लोक' म्हणून ज्यांची बाजू आम्ही मांडीत आहों, ते एकमताचे कोठें आहेत? त्या ओसरीवर बाप एका बाजूस होता आणि लेक दुसऱ्या. २०१२ नंतर गोव्यांत ट्रकवाले, बार्जवरचे खलाशी, गॅरेजवाले, खाणावळवाले असे कितीतरी लोक खरोखर उपाशी पडण्याच्या बेतास आले. खाणी पुन्हां सुरू करा म्हणून तेही रस्त्यावर उतरले. त्यांस कोणाचे हस्तक म्हणून हिणविणें अन्यायाचें होईल. परंतु त्यांच्या संमतीस आपण किती मोल द्यावें, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. ज्याचें पाणी आधींच गेलें, शेत आधींच मातीखालीं गेलें, आणि ज्याच्यापुढें आज तहान किंवा उपास एवढीच निवड उरली, त्याची 'हो' ही संमति नव्हे. ती शरणागति आहे. संमति तिलाच म्हणावें, जेथें 'नाहीं' म्हणणें शक्य असतें आणि तें ऐकलें जातें.

अशी खरी संमति विचारल्याचें एक उदाहरण आपल्या देशांत घडलें आहे. त्यासाठीं मात्र गोमंतक सोडून ओडिशाकडे वळलें पाहिजे. तेथें रायगडा आणि कालाहंडी या जिल्ह्यांच्या सीमेवर नियमगिरी नांवाची डोंगररांग आहे. तिच्या माथ्यावर बॉक्साइट आहे, म्हणजे ॲल्युमिनियमचें खनिज. आणि गोव्याच्या खनिजाप्रमाणें तेंही पाऊस पिऊन वर्षभर झरे वाहते ठेवतें. उतारावर डोंगरिया कोंध हे आदिवासी राहतात. नियमराजा हा त्यांचा देव. माथा त्याचा, म्हणून माथ्यावरचें रान तोडावयाचें नाहीं, असा त्यांचा आचार. पायथ्याशीं लांजीगड येथें खनिज शुद्ध करण्याचा मोठा कारखाना उभा राहिला, आणि तोही वरच्या खाणीस परवानगी मिळण्यापूर्वीं. आधीं चूल मांडावयाची आणि मग दुसऱ्याच्या घरांतलें लांकूड आपलेंच आहे असें म्हणावयाचें, अशांतला हा प्रकार. १८ एप्रिल २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, या डोंगरावरील धार्मिक आणि सामाजिक हक्कांचा विचार तेथील ग्रामसभांनीं करावा. त्या वर्षीं जुलै-ऑगस्टांत, भर पावसांत, जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखालीं बारा गांवांच्या सभा भरल्या. बाराही गांवांनीं 'नाहीं' म्हटलें. २०१४ च्या जानेवारींत केंद्र सरकारनें खाणीस परवानगी नाकारली.

यावर सुशिक्षितांकडून दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं, डोंगरावर राजा राहतो ही भोळी समजूत. तिच्यासाठीं उद्योग अडवावा काय? डोंगरावर देव राहतो कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार आम्ही आमच्याकडे घेत नाहीं. पण त्या समजुतीनें माथ्यावरचें रान राखलें आणि झरे वाहते ठेवले, हें डोळ्यांनीं दिसतें. आणि पाण्याचें भांडें फोडून विकलें तर नफा होतो, ही आमची शहाण्यांची समजूत कोठें नेते, तेंही डिचोलींत डोळ्यांनीं दिसतें. या दोहोंत भोळें कोण, हें वाचकांनींच ठरवावें. दुसरा आक्षेप असा कीं, बारा लहानशा गांवांनीं सबंध राष्ट्रास अडवावें काय? यास आमचें उत्तर असें कीं, राष्ट्र म्हणजे त्या बारा गांवांहून निराळी, त्यांच्यावर बसणारी कोणी वस्तु नव्हे. ज्याच्या उंबऱ्यावर कुऱ्हाड पडावयाची, त्यास आधीं विचारणें हें राष्ट्रविरोधी नाहीं. राष्ट्र आणि लूट यांतला फरकच तो आहे.

तथापि संमतीनें प्रश्न पुरा सुटतो काय? समजा, बाराही गांवांनीं 'हो' म्हटलें असतें. मग डोंगर फोडणें निर्दोष ठरलें असतें काय? येथें आम्हांस आपल्याच धर्मशास्त्रांतला एक विचार मार्गदर्शक वाटतो. मिताक्षरेप्रमाणें वडिलार्जित मिळकतींत पुत्राचा हक्क त्याच्या जन्मापासूनच असतो. कुटुंबाचा कर्ता ती मिळकत सांभाळतो, तिचें उत्पन्न खर्च करतो. पण ती विकण्याची मोकळीक त्याला सहसा नाहीं. कुटुंबावर आपत्ति आली, पोषणाची निकड लागली, तरच त्यास विक्री करतां येते. इतकेंच नव्हे, तर जे अद्याप जन्मास यावयाचे आहेत त्यांच्याही निर्वाहाची तरतूद मोडूं नये, अशी दृष्टि तेथें आहे. मूळ व्यवस्थेंत कन्यांस तो जन्मसिद्ध हक्क नव्हता. २००५ च्या कायद्यानें त्याही समान वांटेकरी झाल्या. म्हणजे वारसांचें वर्तुळ वाढावें, हीच या विचाराची स्वाभाविक गति आहे.

आम्हांस असें वाटतें कीं, डोंगर हें या अर्थानें वडिलार्जित धन आहे. तो सरकारनें केला नाहीं, कंपनीनें केला नाहीं, गांवानेंही केला नाहीं. त्याचा धनी कोणीच नाहीं. आज हयात असलेली पिढी ही फक्त कर्ती आहे. आणि कर्त्यावर दोन बंधनें आहेत. घरांत जे राहतात त्यांना विचारल्याशिवाय त्यानें व्यवहार करूं नये, हें पहिलें. आणि घरांतल्या सर्वांनीं 'हो' म्हटलें तरीही, खरी निकड असल्याखेरीज मूळ धन मोडूं नये, हें दुसरें. नियमगिरीस पहिलें बंधन पाळलें गेलें. गोव्यांत दोन्ही मोडलीं. कारण गोव्याचें खनिज बहुतेक सारें निर्यातीचें होतें. देशांतल्या कोणत्या आपत्तीसाठीं तें काढलें गेलें नाहीं. भाव चढला म्हणून डोंगर विकला. सावकारानें चांगली किंमत देऊं केली एवढ्याच कारणासाठीं देवघरासकट वाडा विकणाऱ्या कर्त्यास आपण काय म्हणतों, तें सांगावयास नको.

विशेष असें कीं, आजच्या न्यायालयासही हाच विचार सुचलेला दिसतो. २०१४ च्या त्या निकालांत पुढील पिढ्यांचा न्याय ध्यानांत घेऊन वार्षिक उत्खननास दोन कोटि टनांची मर्यादा घातली गेली, आणि खनिजाच्या विक्रीच्या रकमेचा दहावा हिस्सा एका कायम निधींत ठेवण्याचा आदेश दिला गेला. तत्त्व उत्तम आहे. पण वडिलार्जित धनाच्या दृष्टीनें पाहिलें तर मनांत शंका येते: मुद्दल विकून त्याचा दहावा हिस्सा मुलांच्या नांवें ठेवणारा कर्ता उरलेल्या नऊ हिश्शांचा जाब कोणाला देणार?

या विचाराची दुसरीही बाजू आहे, आणि ती सांगितली नाहीं तर आमचा पक्षपात दिसेल. डोंगर राखूं पाहणाऱ्यांवरही तेंच पहिलें बंधन आहे. सह्याद्रीच्या रक्षणासाठीं माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें २०११ सालीं अहवाल दिला. कोठें काय राखावयाचें याचा अखेरचा निर्णय ग्रामसभांशीं बोलून व्हावा, हा त्या अहवालाचा गाभा होता. २०१३ सालीं कस्तुरीरंगन समितीनें सुमारें ३७ टक्के प्रदेश संवेदनशील म्हणून राखावा असें सुचविलें. मग २०१४ पासून अधिसूचनेचे मसुदे निघत राहिले, आणि २०२४ च्या जुलैअखेर सहावा मसुदा निघाला. या काळांत कित्येक गांवांनीं रक्षणासही विरोध केला. त्यांत स्वार्थी लोकांनीं पसरविलेल्या अफवांचा वांटा असेल. पण आम्हांस न विचारतां आमच्या रानावर रेघ ओढली, हें दुःखही त्यांत खरें होतें. राजधानींत बसून डोंगर विकणें हा जसा धनीपणा, तसाच राजधानींत बसून डोंगर राखणें हाही धनीपणाच. जो डोंगर राखण्याचे कष्ट उपसतो त्याला डोंगराचा निर्वाहही मिळाला पाहिजे. नाहींतर आपण शुद्ध हवा खावी आणि त्यानें उपास करावा, असा त्या रक्षणाचा अर्थ होईल.

मग आमच्यासारख्या वाचकांनीं काय करावें? डोंगर आमच्या घरांत आहे, असें आम्हीं आरंभीं म्हटलें. जुनें लोखंड आणि ॲल्युमिनियम पुन्हां वितळून वापरतां येतें. तें आपण भंगारांत कसें टाकतों आणि नवें किती सहज घेतों, हा नुसता काटकसरीचा प्रश्न राहिलेला नाहीं, नीतीचाही झाला आहे. आणि एखाद्या नव्या खाणीची वार्ता वर्तमानपत्रांत वाचली म्हणजे 'विकास' आणि 'विरोध' या दोन शब्दांवर न थांबतां आपण तीन गोष्टी विचारूं शकतों: तेथें राहणाऱ्यांस 'नाहीं' म्हणण्याची खरी मोकळीक होती काय? काढलेला माल खऱ्या निकडीसाठीं आहे, कीं चढलेल्या भावासाठीं? आणि पाण्याचें भांडें शाबूत राहणार आहे काय? यांतल्या एकाचेंही उत्तर समाधानकारक नसेल, तर तो व्यवहार कायदेशीर असला तरी धर्म्य नाहीं, असें म्हणण्याचें धैर्य सुशिक्षितांनीं दाखविलें पाहिजे.

त्या घरून आम्ही निघालों तेव्हां यजमानांचा पांच-सहा वर्षांचा नातू अंगणांतल्या उभ्या ट्रकमध्यें चढून तोंडानें भोंगा वाजवीत होता. आजोबांचें कुळागर आणि वडिलांचा ट्रक, दोन्ही बंद पडलेलीं. तिसरें कांहीं त्याच्या वांट्यास यावयाचें असेल, तर तें आतां जे डोंगर उभे आहेत त्यांतूनच यावयाचें. त्याला आजवर कोणीं कांहीं विचारलेलें नाहीं, आणि विचारतां येण्याजोगें त्याचें वयही नाहीं. त्याच्या वतीनें उत्तर देण्याची जबाबदारी आमच्यावर आहे. आणि मुलांच्या वतीनें उत्तर देतांना कर्त्यानें आपला लाभ पाहूं नये, हा घराचा जुना नियम आहे.